पायाखालची वीट: मिसर ते सीनाय, सात दिवस

पहिला दिवस : कैरो

तहरीर चौकातील जुन्या संग्रहालयात मी सकाळी सर्वप्रथम मर्नेप्ताह या फारोच्या, म्हणजे मिसरच्या (इजिप्तच्या) प्राचीन राजाच्या, शिलालेखासमोर जाऊन उभी राहिले. तीन मीटरांहून उंच असलेली ही काळपट शिळा पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांना १८९६ मध्ये थीब्ज येथे सापडली. तिचा काळ साधारणपणे इ. स. पू. १२०८ मानला जातो. लेखातील बहुतेक ओळी लिबियन टोळ्यांवरील विजयाच्या आहेत. शेवटाकडे मात्र जिंकलेल्या काही नावांमध्ये 'इस्राएल' हे नाव येते, आणि त्याचे बीजही उरलेले नाही, अशी फुशारकी तेथे कोरलेली आहे. आज उपलब्ध असलेल्या पुराव्यांत या नावाचा सर्वमान्य असा सर्वांत जुना उल्लेख हाच आहे. ज्यांच्याविषयी 'ते संपले' असे एका राजाने दगडावर लिहून ठेवले, त्यांच्या नावाची पहिली नोंद त्याच दगडावर टिकून राहिली.

पुढच्या एका दालनात काचेआड एक कच्ची वीट होती. नाईलच्या काळ्या गाळात चिरलेले गवत मिसळून उन्हात वाळवलेली ती वीट इतकी साधी होती, की तिच्यासमोर थांबणारे कोणीच नव्हते. मी मात्र बराच वेळ थांबले. बायबलमधील निर्गम या पुस्तकात इस्राएली लोकांच्या मिसरातील गुलामगिरीची आणि सुटकेची कथा आहे. त्याच्या पाचव्या अध्यायात फारो हुकूम सोडतो, की मजुरांना यापुढे गवत देऊ नये, ते त्यांनी स्वतः गोळा करावे, विटांची संख्या मात्र पूर्वीइतकीच भरावी. जुलमाची यंत्रणा कशी चालते याचे इतके नेमके वर्णन मी अन्यत्र क्वचितच वाचले आहे. काम वाढवायचे, साधने काढून घ्यायची आणि कमी पडणाऱ्याला आळशी ठरवायचे. 'तुम्ही आळशी आहात, म्हणून देवाला यज्ञ करायला जाऊ द्या असे म्हणता', हे फारोचे उत्तर आहे.

हा प्रवास मी का केला, हे येथेच सांगणे योग्य होईल. एका संस्थेत मी नऊ वर्षे नोकरी केली. तेथील एका वरिष्ठ अधिकाऱ्याने हाताखालच्या माणसांना, विशेषतः स्त्रियांना, अपमानित करून राबवण्याची जी रीत पाडली होती, तिचा मला पुरेपूर अनुभव आला. अखेर मी ती नोकरी सोडली. सोडल्यानंतरही त्या माणसाचा आवाज माझ्या डोक्यातून गेला नाही. कोणतेही काम हाती घेतले, की ते अपुरे असल्याचे तोच आवाज मला सांगत असे. त्या काळात निर्गम हे पुस्तक माझ्या हाती आले आणि त्याचे आध्यात्मिक अंगाने केलेले वाचन मला आधाराचे वाटू लागले. गीतेच्या तेराव्या अध्यायात शरीरालाच क्षेत्र म्हटले आहे, हे लहानपणापासून ऐकलेल्या माझ्या मनाला ही रीत परकी नव्हती. निघण्याच्या आठवडाभर आधी त्याच संस्थेतील एका तरुण सहकारी मुलीचे पत्र आले. तिने त्या अधिकाऱ्याविरुद्ध तक्रार केली होती आणि मी चौकशीपुढे साक्ष द्यावी, अशी तिची विनंती होती. मी तिला उत्तर दिले नव्हते. आपण त्या सगळ्याच्या पलीकडे गेलो आहोत, मनाची शांती आता ढवळू नये, असे मी स्वतःला समजावत होते.

दुपारी जुन्या कैरोतील बेन एझ्रा सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनामंदिर, पाहिले. इस्राएली लोकांना मिसरातून बाहेर नेणारा मोशे बाळ असताना त्याची पेटी नाईलच्या लव्हाळ्यांत याच परिसरात सापडली, अशी स्थानिक परंपरा आहे. देवाचे नाव असलेला कागद नष्ट करायचा नाही, या रिवाजामुळे येथील कोठडीत शतकानुशतके साठलेले कागद १८९६-९७ मध्ये अभ्यासक सॉलोमन शेख्टर यांनी केंब्रिजला नेले. त्यांत जवळपास २ लाख तुकडे होते, आणि धर्मग्रंथांच्या पानांबरोबर हिशेब, विवाहाचे करार आणि घरगुती पत्रेही होती. बाहेरची गल्ली इतकी अरुंद आहे, की दोन माणसांनी एकमेकांना वाट देताना भिंतीला चिकटावे लागते.

हा अरुंदपणाच या वाचनाची किल्ली आहे. हिब्रू भाषेत मिसर देशाला 'मित्स्राइम' म्हणतात आणि 'मेत्सार' म्हणजे अडचणीची, चिंचोळी जागा. या दोन शब्दांच्या सारखेपणावरून ज्यू गूढवाद्यांनी मिसर म्हणजे चेतनेचे आकसलेपण असा अर्थ घेतला. बायबलमधील स्तोत्र ११८ मध्ये भक्त म्हणतो, की मी चिंचोळ्या जागेतून हाक मारली आणि देवाने मला मोकळ्या विस्तारात उत्तर दिले. सोळाव्या शतकातील गूढवादी इसाक लूरिया (१५३४–१५७२) यांचे बालपण आणि तारुण्य याच कैरोत गेले. नाईलच्या एका बेटावर ते एकांतात राहत असत, असे परंपरा सांगते. त्यांच्या शिष्यपरंपरेने मिसर म्हणजे गळ्याची अरुंद जागा, असा आणखी सूक्ष्म अर्थ लावला. डोके आणि हृदय यांच्यामध्ये गळा आहे. बुद्धीला कळलेले तेथे अडते आणि हृदयापर्यंत उतरत नाही. हिब्रूत 'फारो' या नावाची अक्षरे फिरवली, की 'मानेचा मागचा भाग' असा शब्द होतो, याकडेही त्यांनी लक्ष वेधले. अशा अक्षरखेळांवर माझा सरसकट विश्वास नाही. परंतु हा अर्थ मला पटतो, कारण त्या नऊ वर्षांत मला अन्याय कळत होता आणि तो गळ्याशीच अडत होता.

रात्री नाईलच्या काठावर पुस्तकाचा पहिला अध्याय पुन्हा वाचला. त्यातील एक गोष्ट इतक्या वाचनांत माझ्या ध्यानात आली नव्हती. निर्गमात फारोला नाव नाही. 'फारो' हा शब्द मुळात 'मोठे घर' या अर्थाचा, म्हणजे पदाचा वाचक आहे. ज्यांनी इस्राएली मुलगे जन्मताच मारण्याचा त्याचा हुकूम पाळला नाही, त्या दोन सुइणींची नावे मात्र ग्रंथाने जपली आहेत: शिप्रा आणि पुवा. त्या देवाला भीत होत्या, एवढेच कारण दिले आहे. मोशे जन्मण्याच्या आधी, कोणताही चमत्कार घडण्याच्या आधी, दोन स्त्रियांच्या मनातील एका भयाने दुसऱ्या भयाला हटवले आणि तेथे मुक्तीची सुरुवात झाली.

दुसरा दिवस : सुएझ ओलांडून

कैरोहून सुएझ सुमारे १३० किलोमीटर आहे. रस्ता सरळ आणि वैराण आहे. कालव्याखालून जाणारा अहमद हमदी बोगदा सुमारे १.६ किलोमीटरांचा असून, डोक्यावरून जहाजे जात असताना गाडी आफ्रिकेतून आशियात कोरडी बाहेर पडते. पाणी दुभंगण्याची कथा वाचलेल्या माणसाला तेथे काही आठवले नाही, तरच नवल.

मूळ हिब्रूत त्या समुद्राचे नाव 'याम सूफ' म्हणजे लव्हाळ्यांचा समुद्र असे आहे. तो नेमका कोठे होता, यावर एकमत नाही आणि लाखो माणसांच्या अशा स्थलांतराचा पुरातत्त्वीय पुरावाही मिळालेला नाही. हे मला ठाऊक आहे, आणि ते लपवून मी हा प्रवास केलेला नाही. मला ज्या प्रसंगाची ओढ आहे, तो समुद्रकाठचा एक क्षण आहे. मागून फारोचे रथ येत आहेत, पुढे पाणी आहे, आणि मोशे प्रार्थना करतो आहे. तेव्हा देव त्याला विचारतो, की तू माझा धावा काय करतोस, लोकांना पुढे चालायला सांग. ज्यू परंपरेत याला जोडून नहशोन नावाच्या माणसाची कथा येते. पाणी अजून दुभंगलेले नसताना तो आत शिरला आणि पाणी त्याच्या नाकापर्यंत आले, तेव्हा समुद्राने वाट दिली. आतल्या निश्चयाला बाहेरचे पाऊल जोडले गेले नाही, तर वाट उघडत नाही, असे ही कथा सांगते. प्रार्थनेलाही येथे थांबवले आहे, ही गोष्ट अंतर्मुखतेची आवड असलेल्या माझ्यासारख्यांनी विसरू नये.

पूर्व किनाऱ्यावरील अयून मूसा, म्हणजे मोशेचे झरे, येथे खजुरीच्या झाडांमध्ये जुन्या विहिरी आहेत. त्यांतील बऱ्याच बुजल्या आहेत. परंपरेने हे ठिकाण मारा मानले जाते, जेथील पाणी कडू होते आणि मोशेने एक लाकूड टाकल्यावर ते गोड झाले. समुद्र ओलांडून अवघे तीन दिवस झाले होते आणि लोक कुरकुर करू लागले होते. पुढे तर त्यांना मिसरातील मांसाची भांडी, काकड्या, कांदे आणि लसूण आठवू लागले. मिसरातून बाहेर पडायला एक रात्र लागली, आणि मिसर त्यांच्या आतून बाहेर पडायला चाळीस वर्षे पुरली नाहीत. ज्यांनी मला छळले, त्यांच्याच शाबासकीची मला नोकरी सोडल्यावर आठवण येत असे. ही कबुली लिहिताना हात जड होतो, पण कांदा-लसणाचा तो उल्लेख वाचून मला पहिल्यांदा कळले, की ही अवस्था माझ्या एकटीची नाही.

तिसरा दिवस : सराबीत अल-खादिम

या दिवसाविषयी अधिक लिहायला हवे, कारण येथे जे पाहिले त्याची मी अपेक्षा केली नव्हती.

किनारा सोडून आमची गाडी वाळूच्या दऱ्यांतून आत गेली, आणि तेथून वालुकाश्माच्या पठारावर पायी चढावे लागले. वर हाथोर देवीच्या मंदिराचे अवशेष आहेत. प्राचीन मिसरी राज्यकर्ते फिरोजा या निळसर हिरव्या रत्नासाठी येथे खाणकामाच्या मोहिमा पाठवत, आणि हाथोर ही 'फिरोजाची स्वामिनी' म्हणून पूजली जाई. पेट्री आणि त्यांची पत्नी हिल्डा १९०५ मध्ये येथे उत्खनन करत असताना त्यांना काही विचित्र लेख सापडले. चिन्हे मिसरी चित्रलिपीसारखी दिसत होती, परंतु ती संख्येने फार थोडी होती आणि मिसरी भाषेत वाचता येत नव्हती. १९१६ मध्ये प्राचीन मिसरचे अभ्यासक ॲलन गार्डिनर यांनी त्यांतील एक शब्द उलगडला: 'बाअलात', म्हणजे 'स्वामिनी'. ती भाषा सेमिटिक होती. खाणींवर आलेल्या कनानी, म्हणजे आजच्या इस्राएल-पॅलेस्टाइन परिसरातील, लोकांनी मिसरी चित्रांतून मोजकी चिन्हे उचलून आपल्या भाषेच्या ध्वनींना दिली होती. बैलाचे डोके म्हणजे 'आलेफ', घर म्हणजे 'बेत', पाण्याची लाट म्हणजे 'मेम', डोळा म्हणजे 'आयिन'. आज ज्ञात असलेल्या सर्वांत जुन्या वर्णलिपीच्या लेखांत यांची गणना होते. हिब्रू, अरामी, ग्रीक, रोमन आणि अरबी या लिपी याच वंशातील आहेत. ब्राह्मीचे, आणि तिच्यातून आलेल्या आपल्या देवनागरीचे, या वंशाशी नाते आहे की नाही, यावर विद्वानांत वाद आहे.

ही सगळी माणसे गुलाम होती, असे म्हणायला आधार नाही. काही कनानी लोक येथे मानाने नोंदवलेले आढळतात. तरीही मंदिरातील प्रौढ, रेखीव मिसरी लेखांशेजारी वाटाड्याने दाखवलेल्या त्या वेड्यावाकड्या रेघा पाहताना माझ्या मनात एकच विचार घोळत राहिला. शेकडो चिन्हांची राजदरबारी लिपी शिकायला वर्षे लागत आणि ती लेखनिकांच्या हाती असे. येथे ज्यांना ती येत नव्हती, त्यांनी आपल्या देवीला आपल्याच भाषेत हाक मारण्यासाठी वीस-तीस खुणा पुरेशा मानल्या.

'जोहार' या ज्यू गूढग्रंथात म्हटले आहे, की मिसरात वाणीच वनवासात होती. मोशे म्हणतो, की मी जड तोंडाचा आणि जड जिभेचा आहे, आणि परंपरेने त्याच्या तोतरेपणाला एका संपूर्ण समाजाच्या मुकेपणाची खूण मानले. सहाव्या अध्यायात मोशे लोकांना मुक्तीची वार्ता सांगतो, तरी ते ऐकत नाहीत. कारण दिले आहे 'कोत्सेर रुआह' आणि कठोर काबाडकष्ट. 'रुआह' म्हणजे आत्मा आणि श्वासही, तर 'कोत्सेर' म्हणजे आखूडपणा. त्यांचा श्वास आखूड झाला होता. या दोन शब्दांत अंतर्बाह्य जुलूम एकत्र आला आहे. पाठीवर ओझे आहे म्हणून श्वास आखूड होतो, आणि श्वास आखूड झाला म्हणून सुटकेची बातमीही कानात शिरत नाही. मिसरातून झालेल्या सुटकेच्या ज्यू सणाला, वल्हांडणाला, हिब्रूत 'पेसाह' म्हणतात, आणि गूढवादी त्याची फोड 'पे साह', म्हणजे 'बोलणारे तोंड' अशी करतात. वल्हांडणाच्या रात्रीचा मुख्य विधी म्हणजे कथा मोठ्याने सांगणे. कोकणातील बेने इस्राएल या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजासाठी या विधीची पोथी, हागादा, मराठी भाषांतरासह पुण्यात १८७४ मध्ये छापली गेली. प्रत्येक पिढीतील माणसाने आपण स्वतः मिसरातून बाहेर पडलो असे समजावे, ही तिच्यातील आज्ञा माझ्या भाषेत दीडशे वर्षांपूर्वी छापली गेली होती, हे त्या पठारावर आठवून मला फार जवळचे वाटले.

वारा इतका होता, की वहीची पाने हाताने दाबून टिपणे लिहावी लागली. पत्र लिहिणारी ती मुलगी मधूनमधून आठवत होती.

चौथा दिवस : वादी फैरान

ग्रॅनाइटच्या डोंगरांमधून वळणे घेत रस्ता फैरानच्या खजुरीच्या वनात येतो. परंपरेने हेच रफीदीम, जेथे अमालेक या शत्रू टोळीशी लढाई झाली. मोशेचे हात वर असेपर्यंत इस्राएलाची सरशी होत असे आणि ते खाली आले की अमालेकाची. त्याचे हात भरून आले, तेव्हा त्याचा भाऊ अहरोन आणि सोबती हूर यांनी दोन्ही बाजूंनी ते धरून ठेवले. हिब्रू अक्षरांच्या अंकमूल्यांप्रमाणे 'अमालेक' आणि 'साफेक' म्हणजे संशय, या दोन्ही शब्दांची बेरीज २४० होते. लढाईच्या अगदी आधी लोक विचारतात, की परमेश्वर आमच्यामध्ये आहे की नाही. बाहेर पडल्यावर, फारो मागे राहिल्यावर, अंगावर येतो तो संशय, असे येथे सुचवले आहे. मला या कथेत ते हात धरणारे दोघे अधिक महत्त्वाचे वाटतात. उन्नत चेतनेचे प्रतीक मानलेल्या मोशेलाही एकट्याच्या बळावर हात वर ठेवता आले नाहीत.

संध्याकाळी सेंट कॅथरीन गावात पोहोचलो. थंडी होती.

पाचवा दिवस : सेंट कॅथरीनचा मठ

सम्राट जस्टिनियनच्या आज्ञेने ५४८ ते ५६५ या काळात बांधलेला हा मठ आजही नांदता आहे. तटाच्या आत चर्चच्या शेजारी एक मशीदही आहे. मठाची सेवा करणारे जबालिया या टोळीचे बदाऊ हे जस्टिनियनने पाठवलेल्या रक्षकांचे वंशज मानले जातात. मठ सकाळी थोडाच वेळ खुला असतो आणि गर्दी पुष्कळ असते.

ज्या पेटलेल्या पण न जळणाऱ्या झुडपातून देवाने मोशेला हाक मारली, ते झुडूप म्हणून दाखवली जाणारी वनस्पती भिंतीवरून खाली लोंबते. ती काटेरी वेल पाहून प्रथमदर्शनी काहीच वाटत नाही. देवाने एखादा भव्य वृक्ष न निवडता काटेरी झुडूप का निवडले, या प्रश्नाला जुन्या ज्यू भाष्यात उत्तर आहे, की आपले लोक काट्यांत असताना देव त्यांच्या दुःखात सहभागी असतो. निर्गमात आणखी एक बारकावा आहे. झुडूप जळत नाही, हे ध्यानात यायला त्याच्याकडे काही काळ पाहत राहावे लागते. मोशे वाट सोडून पाहायला वळला, आणि तो वळला असे पाहिल्यावरच देवाने त्याला हाक मारली, असा मजकूर आहे. म्हणजे हाकेच्या आधी अवधान आले. चौथ्या शतकातील ख्रिस्ती संत निसाचा ग्रेगरी याने मोशेच्या चरित्रात आत्म्याचा प्रवास पाहिला: झुडपाचा प्रकाश, मग ढग, आणि शेवटी ज्यात देव आहे तो अंधार. त्याच्याही पूर्वी, पहिल्या शतकात, अलेक्झांड्रियाच्या फिलो या ज्यू तत्त्वज्ञाने मिसर म्हणजे शरीर आणि विकार, असे रूपक मांडले होते. अंतर्मुख वाचनाची ही वाट जुनी आणि सन्मानाची आहे.

झुडपातून देवाने स्वतःचे जे नाव सांगितले, ते मराठी भाषांतरात 'मी आहे तो आहे' असे येते. मूळ हिब्रू क्रियापदाचा 'मी जो होईन तो होईन' असाही अर्थ होतो. गूढवाद्यांनी येथे चेतनेचे शुद्ध 'मी आहे'पण पाहिले. गुलामाला सतत सांगितले जाते, की तू अमुक आहेस, तू आळशी आहेस, तू अपुरा आहेस. या विशेषणांच्या आधीचे जे निव्वळ असणे आहे, त्यावर फारोची सत्ता चालत नाही. माझ्या डोक्यातील तो आवाज प्रथम सैल झाला, तो या नावाच्या चिंतनाने. ते ऋण मी कधीही नाकारणार नाही.

मात्र मठात तासभर बसून तोच अध्याय पुढे वाचताना मी जेथे नेहमी थांबत असे, तेथून पुढे गेले. देव म्हणतो, की मी माझ्या लोकांची विपत्ती पाहिली आहे, मुकादमांमुळे त्यांनी केलेला आक्रोश मी ऐकला आहे, तर आता ये, मी तुला फारोकडे पाठवतो. पवित्र भूमी, काढलेले जोडे, प्रकटलेले नाव, या सगळ्याचा शेवट परत जाण्याच्या हुकमात होतो. मोशे एकामागून एक सबबी सांगतो, आणि शेवटी दुसऱ्या कोणाला तरी पाठव असे म्हणतो. त्याच्या सबबी वाचताना मला माझ्याच शब्दांची ओळख पटत गेली.

मठाच्या संग्रहात बाराव्या शतकातील एक प्रसिद्ध चित्र आहे. येथील मठाधिपती राहिलेल्या योहान क्लिमाकस यांच्या शिकवणीवर आधारलेली तीस पायऱ्यांची शिडी त्यात रंगवली आहे. संन्यासी वर चढत आहेत आणि काळे भूत त्यांना दोर लावून खाली ओढत आहेत. ग्रंथालयात असंख्य जुनी हस्तलिखिते आहेत, आणि १९७५ मध्ये एका विस्मृत कोठडीत आणखी ढीग सापडला. त्यांतील अनेक चर्मपत्रांवरचा जुना मजकूर खरवडून नवा लिहिलेला आहे. अलीकडे वेगवेगळ्या तरंगलांबींच्या प्रकाशात छायाचित्रे घेऊन खालची पुसलेली अक्षरे वाचली गेली आहेत. वरच्या मजकुराला धक्का न लावता खालचा वाचता येतो, ही गोष्ट मला ग्रंथांच्या गूढ वाचनाला फार लागू पडणारी वाटते. खालचा अर्थ सापडला म्हणून वरचा खरवडून टाकण्याचा अधिकार वाचकाला मिळत नाही.

सहावा दिवस : जबल मूसा

जबल मूसा म्हणजे मोशेचा डोंगर. परंपरेने हाच सीनाय पर्वत, जेथे मोशेला देवाच्या आज्ञा मिळाल्या. रात्री दोनच्या सुमारास जबालिया वाटाड्याबरोबर निघालो. शिखराची उंची २,२८५ मीटर आहे. उंटांच्या वाटेने बरेच अंतर सौम्य चढणीचे आहे, आणि शेवटच्या सुमारे ७५० पायऱ्या दगडांत बसवलेल्या आहेत. वाटाडा फार बोलत नव्हता. माझा श्वास आखूड होऊ लागला की तो न सांगता थांबे. 'कोत्सेर रुआह' हा शब्द त्या रात्री मला फुप्फुसांनी कळला.

शिखरावर १९३४ मध्ये बांधलेले छोटे चॅपेल आणि एक मशीद आहे. उजाडताना ग्रॅनाइटचे डोंगर आधी जांभळे, मग विटकरी रंगाचे झाले. तेथे बसून मी दोन गोष्टींचा विचार केला.

पहिली गोष्ट १८०७ मध्ये लंडनला छापलेल्या एका बायबलची आहे. वेस्ट इंडीजमधील ब्रिटिश वसाहतींतील गुलामांसाठी तयार केलेल्या त्या आवृत्तीत निर्गमाचा सुटकेचा सगळा भाग गाळला होता आणि सीनायवरच्या आज्ञा ठेवल्या होत्या. म्हणजे पर्वत ठेवला आणि त्याच्याकडे येणारी वाट पुसली. परंतु पहिल्या आज्ञेचा आरंभच 'मिसर देशातून, दास्यगृहातून ज्याने तुला बाहेर आणले, तो मी परमेश्वर' असा आहे. विश्व निर्माण करणारा अशी ओळख देव येथे देत नाही. ज्यांनी ते बायबल कापले, त्यांना बाह्य अर्थाची ताकद नीट ठाऊक होती. जे वाचन सगळा जुलूम मनातच आहे असे सांगते, ते नकळत त्याच कात्रीने कापते. त्या सहकारी मुलीचा अपमान तिच्या मनात घडत नव्हता, तो एका खोलीत, दार लावून, माणसांदेखत आणि माणसांच्या मौनात घडत होता.

दुसरी गोष्ट निर्गमाच्या चोविसाव्या अध्यायातील आहे. मोशे, अहरोन, त्याचे दोन पुत्र आणि सत्तर वडील पर्वतावर चढतात आणि त्यांना देवाचे दर्शन होते. दर्शनाचे वर्णन फक्त पायांपाशी थांबते. त्याच्या पायांखाली नीलमण्याचे, आकाशासारखे निर्मळ असे काहीतरी होते. त्याला हिब्रूत 'लिव्नत हासाप्पीर' म्हटले आहे. 'लिव्नत' या शब्दाचे 'लेवेना' म्हणजे वीट या शब्दाशी नाते आहे, आणि ज्यू भाष्यकारांनी येथे वीटच पाहिली. आपले लोक विटा थापत होते तोपर्यंत देवाने ती वीट आपल्या पायांपाशी ठेवली होती, असे ते म्हणतात. एका जुन्या अरामी भाषांतरात तर अशी कथा आहे, की चिखल तुडवणाऱ्या एका गर्भवतीचा गर्भ त्या चिखलात पडला आणि विटेत थापला गेला, तेव्हा देवदूताने ती वीट उचलून वर नेली.

ज्याने पंढरपूर पाहिले आहे, त्याला हे वाचून पुढे काही सांगावे लागत नाही. विटेवरचे समचरण पाहायला वारकरी शेकडो वर्षे चालत जातात. दोन परंपरांचा एकमेकींशी काही संबंध जोडण्याचा माझा हेतू नाही. पुंडलिकाची वीट आईवडिलांच्या सेवेतून आली आणि सीनायची वीट वेठबिगारीतून. तरीही संग्रहालयातील ती गवत मिसळलेली, दुर्लक्षित वीट मला त्या शिखरावर पुन्हा दिसली. दर्शनाच्या सर्वोच्च क्षणी मान वर करून पाहणाऱ्यांना पायांखालची वीट दिसावी, असे त्या ग्रंथाने लिहून ठेवले आहे. अनुभव कितीही उंच असो, कोणाच्या तरी हातांनी थापलेला चिखल त्याच्या तळाशी आहे. तुकोबांनी रात्रंदिवस चालणाऱ्या ज्या युद्धाचा उच्चार केला, त्यात जग आणि मन एकाच ओळीत शेजारी शेजारी उभे आहेत, हे मला शाळेपासून पाठ होते.

उतरताना ३,७५० पायऱ्यांची पश्चात्तापाची वाट घेतली. एका संन्याशाने आपल्या व्रतासाठी त्या रचल्या, असे सांगतात. वाटेत एलीयाची जागा म्हणून ओळखले जाणारे खोलगट मैदान लागते. छळापासून पळालेल्या या संदेष्ट्याने वाळवंटात मरण मागितले होते, आणि मग तो होरेबवर, म्हणजे परंपरेने याच पर्वतावर, आला. वादळ, भूकंप आणि अग्नी यांच्यानंतर त्याने एक मंद, सूक्ष्म वाणी ऐकली. त्या वाणीने त्याला प्रथम विचारले, की तू येथे काय करतोस, आणि मग सांगितले, की आलास त्या वाटेने परत जा. पायऱ्या उतरताना गुडघे थरथरत होते. वाटाड्याने हात पुढे केला आणि मी तो धरला.

सातवा दिवस : परत

पहाटे निघालो. फैरानची खजुरी, अबू झनीमाचा किनारा, मोशेचे झरे, सगळे उलट क्रमाने येत गेले. बोगद्याच्या अलीकडे तपासणीसाठी गाड्यांची लांब रांग होती आणि सगळ्यांचे सामान उतरवून पाहिले जात होते. त्या तासाभरात मी फोन काढला आणि पत्राला उत्तर लिहिले. आधी विलंबाबद्दल क्षमा मागितली. मग मी स्वतः तेथे काय पाहिले आणि सोसले, ते तारखांसह लिहून देईन, आणि बोलावतील तेथे उभी राहून सांगेन, असे कळवले. लिहिताना गळा दाटला होता, पण शब्द अडले नाहीत.

'तारीख कळव. मी येते.' एवढे शेवटी लिहिले आणि संदेश पाठवला. तो पोहोचल्याची खूण दिसली. गाडी पुढे सरकली, आणि बोगद्याच्या अंधारात शिरताच फोनची रेंज गेली.